पंक्तीला बसलेला शहजादा

फार जुन्या काळी एका खाडीच्या दोन काठांना दोन राज्यं होती. अलीकडं घुमटांच्या शहरात एक राजा, पलीकडं तंबूंच्या छावणीत एक सुलतान. देव वेगळे, बोली वेगळी. पण लढून लढून दोघं दमले, तेव्हा राजानं आपली लेक सुलतानाच्या थोरल्या मुलाला दिली आणि वैरी होते ते व्याही झाले.

पुढं काय झालं, सुलतानाचा धाकटा शहजादा बापावरच उठला. हरला, आणि होडीत बसून अलीकडं पळून आला. राजानं त्याला महाल दिला, रोज आपल्या पंक्तीला बसवलं.

जेवताना शहजादा बापाची नक्कल करायचा. तो कसा खोकतो, गादीला कसा चिकटलाय. राजा पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "म्हाताऱ्या माणसानं वेळेवर उठावं रे, मागचे ताटकळतात."

शेजारी राजाचा युवराज असायचा. आधी तोही हसायचा. पुढं पुढं हसेनासा झाला, नुसता बापाकडं बघत राहायचा.

एकदा राजाची लेक माहेरी आली. म्हणाली, "बाबा, माझ्या दिराला परत पाठवा. मामंजी रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण घरचं घरात मिटेल."

"तुला राजकारण नाही कळायचं, बाळ. त्याचं पोर माझ्या हातात आहे तोवर व्याही वाकडा चालायचा नाही."

"आणि दादा कुणाच्या हातात आहे?"

राजानं ताट पुढं ओढलं.

एके दिवशी राजा शिकारीहून परतला, तर वेस बंद. तटावर युवराज आणि शहजादा खांद्याला खांदा लावून उभे.

युवराज वरून म्हणाला, "बाबा, तुम्हीच म्हणत होतात ना, वेळेवर उठावं."

राजा एका कोळ्याच्या होडीतून सुलतानाच्या दारी गेला. "तुमच्या पोरानं माझं लेकरू नासवलं. त्याचं डोकं उडवा," म्हणाला. सुलतानानं आधी त्याला जेवू घातलं, मग फौज घेऊन निघाला. शहर परत मिळालं. दोन्ही पोरं बांधून समोर आणली.

सुलतान म्हणाला, "व्याही, न्याय तुम्ही करा. माझ्या पोराला जे सांगाल, तेच तुमच्या पोराला."

राजानं बांधलेल्या युवराजाकडं बघितलं. म्हणाला, "जीव नका घेऊ. दोघांचाही."

"मी तरी दुसरं काय मागत होतो?" सुलतान म्हणाला. "पोराला पदरात घ्यायचं म्हणूनच सुनेला तुमच्याकडं पाठवलं होतं."

पोरं जगली, पण दोघांचा गादीवरचा हक्क गेला, आणि दूरच्या बेटावर त्यांची रवानगी झाली. राजा मरेपर्यंत एकटाच जेवला. ज्याला तो मुठीत ठेवणार होता, त्याच व्याह्याचा नातू, लेकीचा मुलगा, त्याच्यामागं गादीवर बसला.

म्हणून सांगते, दुसऱ्याच्या पोराला त्याच्या बापाविरुद्ध जेवू घालू नये. त्याच पंक्तीला आपलंही पोर बसलेलं असतं.