उसना नाखवा

खाडीच्या तोंडाशी ते चार उभ्या दगडांचं बेट दिसतं ना, त्याची गोष्ट शपथेवर खरी आहे. आमच्या पणज्याने डोळ्यांनी पाहिलेली. पणजा तेव्हा पाळण्यात होता, आणि पाळणा पलीकडच्या गावात. पण तेवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही.

ते दगड म्हणजे चार मालकांच्या खुणा. फिरंगी कप्तान, हबशी किल्लेदार, मग एक सरदार आणि शेवटी मिठाचा गोरा ठेकेदार. बेट एवढंसं, की बोंबील वाळत घातले तर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या कुशीतून जातं, म्हणून ज्याला त्याला ते हवं. पहिल्या तिघांनी दगड रोवला, त्यावर हात ठेवून म्हटलं, "हे माझं," आणि पुढच्या उधाणाला तिघेही नाहीसे झाले, असं सांगतात. मागे राहायचे फक्त जोडे. देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे, शेजारी शेजारी.

ठेकेदार सावध होता. त्याने दगड रोवला, पण शब्द तोंडातून काढला नाही. कोळीवाड्यातल्या चांगू नाखव्याला बोलावून म्हणाला, "बेट तुला दिलं. दगडाशी उभा राहून तसं बोल, म्हणजे झालं."

चांगूची बायको कमळा हिचं काळीज तिथेच गारठलं. पण वाड्याला मासळी वाळवायला दुसरी जागा नव्हती, आणि दर नवा मालक आधी त्यांच्या काठ्या उपटून फेकायचा. चांगू मालक झाला तर ती पीडा कायमची टळणार होती.

"अवं, बोलू नका," होडीतून उतरताना ती म्हणाली. "ते बेट कान देऊन बसलंय."

"बेटाला कान असते तर तुझी बडबड ऐकून केव्हाच बुडालं असतं," चांगू हसला, आणि दगडावर हात ठेवून बोलून गेला.

भर दुपार होती, ओहोटी लागलेली. तरी म्हणे पाणी उलटं फिरलं. लाट नाही, आवाज नाही. तेल सांडावं तसं ते चिखलावरून पुढे सरकू लागलं. ठेकेदार मचव्याकडे पळाला. चांगू मात्र खाली बसला आणि सावकाश वहाणा काढू लागला. एक काढली, तिच्या शेजारी दुसरी ठेवली. कमळाने त्याच्या कमरेला मिठी मारून ओढलं, तर तो नांगरासारखा जड. हाका मारल्या, तर डोळ्यांत ओळख नाही.

पाणी त्याच्या पायाला लागलं तेव्हा तिने तेच केलं, जे दुसऱ्याच्या घरची वस्तू हवी असली की कुठलीही बाई करते. पदर पसरून ती पाण्याला म्हणाली, "ह्यो तुजा हाय, मान्य. मना उसना दे."

पाणी थांबलं. चांगूने तिच्याकडे वळून विचारलं, "रडतेस कशाला?"

उसनं मागताना परत कधी करणार ते सांगायचं असतं. भीतीच्या भरात कमळाचं ते राहून गेलं.

त्यानंतर वाड्याने बेटावर सुखाने मासळी वाळवली. दगड रोवायला कोणी आलं नाही. पण दर उधाणाला पाणी गल्लीतून वर यायचं, बाकीची दारं सोडून कमळाच्या उंबऱ्याशी थांबायचं. आत शिरायचं नाही. आपलं सूप परत मागायला आलेली शेजारीण संकोचाने दारातच उभी राहावी, तसं.  त्या दिवशी नवऱ्याचा हात धरून कमळा भिंतीला पाठ लावून बसायची. मुलं झाली, नातवंडं झाली, तरी तशीच.

शेवटी म्हातारा चांगूच म्हणाला, "कमळे, शेजारणीचं तोंड आणखी किती चुकवशील?"

तिने पाणी तापवलं. त्याला न्हाऊ घातलं, नवी टोपी घातली, होडीत बसवून बेटावर नेलं. वहाणा तिनेच काढल्या, तिनेच नीट लावून ठेवल्या. आणि वळून न पाहता एकटीने होडी वल्हवत घरी आली. तिच्या उंबऱ्याशी पाणी पुन्हा आलं नाही.

आजही बेटाला होडी लागली की पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेली बाई आधी ओरडून सांगते, "घरून उसनी आलीत माणसं, सूर्य बुडायच्या आत परत जायचीत." मगच सगळे पाय खाली ठेवतात. वाऱ्याने टोपी उडाली तरी तिथे कोणी 'माझी टोपी' म्हणत नाही. एवढं पाळलं की बेट प्रत्येकाला परत सोडतं.

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी रचलेलं आहे.