अंड्यातली बोली

कोंबड्या अजून झाडावर झोपत, तेव्हाची गोष्ट. तांबड्या कोंबडीला एकच घोर होता, पोरी आपल्यासारख्या गावठी बोलल्या तर चारचौघांत हसं होईल. म्हणून ती त्यांना पोपटाकडे शुद्ध बोलायला शिकायला धाडी आणि स्वतःही जपून बोले.

एकदा अंगणात घारीची सावली पडली.

"बाळांनो, आश्रय घ्या!" तांबडी म्हणाली.

"आश्रय म्हणजे निवारा ना?" थोरलीनं विचारलं.

"आसरासुद्धा!" धाकटी म्हणाली.

घार झेपावली.

"दडा गं बायांनो, दडा!" तांबडी किंचाळली. सगळ्या पटकन तिच्या पंखांखाली शिरल्या.

घार गेल्यावर धाकटीनं विचारलं, "आई, हा शब्द पोपटकाकांनी शिकवलाच नाही. मग कळला कसा गं?"

"तुम्ही अंड्यात होतात, तेव्हा मी असंच बोलायचे तुमच्याशी." तांबडीनं धाकटीला जवळ ओढलं. "माझी आईपण माझ्याशी असंच बोलायची."