मानाजीरावांचे हीटर प्लग

"हीटर प्लग बदलायचे नाहीत, इंजिनावर गरम पाणी ओतायचं नाही, धक्का मारायचा नाही आणि उद्या सकाळी सहाला ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला पाहिजे!" कातरखिंडीच्या सरकारांनी हुकूम सोडला. "नाही झाला, तर म्हादबा, तुझी नोकरी गेली आणि राहती खोलीही गेली!"

म्हादबा ड्रायव्हर बावीस वर्षं सरकारांचा तो जुना डिझेलचा ट्रक चालवत होता. कातरखिंडीचं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण ही बातमी सरकारांपर्यंत अजून पोचायची होती. मटारचे मळे, एक ट्रक आणि वाटेल तेवढे हुकूम, एवढं त्यांच्याकडे शिल्लक होतं.

आता जुन्या डिझेल इंजिनाला थंडीत आधी ऊब लागते. किल्ली अर्धी फिरवली की आतले हीटर प्लग लालभडक होतात आणि मगच गाडी सुरू होते. आठवडाभर प्लग काही लाल होत नव्हते. ऊन चढेस्तोवर ट्रक जागचा हलत नव्हता आणि मटार पोचत होता तो बाजार उठल्यावर.

हे प्लग नव्याचे पैसे घेऊन आणले होते कोठीवाल्या मानाजीरावांनी. मानाजीराव म्हणजे राणीसाहेबांचे धाकटे बंधू. कोठी सांभाळायला याहून मोठी लायकी कुणी मागितली नव्हती.

"कोरे करकरीत प्लग आहेत, सरकार!" मानाजीराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "दहा आकडे मोजेस्तोवर लाल होतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय! खोट आहे ती या ड्रायव्हरच्या हातात. बाकी आम्ही तर सरकारांसाठी निखारा मुठीत धरू!"

मेहुण्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे राणीसाहेबांना तोंड द्यायचं. त्यापेक्षा ड्रायव्हरवर संतापणं सोपं होतं. सरकारांनी सोपं ते केलं.

म्हादबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची बायको चंपाक्का हिनं बावीस हिवाळे त्या इंजिनावर पाणी तापवून ओतलं होतं. इंजिन तिला नवऱ्याइतकंच कळत होतं, आणि तोंड नवऱ्यापेक्षा चांगलं चालत होतं.

"प्लग बदलू नका, म्हणालं न्हवं?" तिनं विचारलं. "काढून बघू नका, असं म्हणालं का?"

"न्हाई."

"मग रडतुयास कशाला? पाना आण!"

दुसऱ्या दिवशी सहा वाजता सरकार शाल गुंडाळून अंगणात आले. ट्रकचं तोंड उघडं होतं. खाली पोत्यावर चार प्लग मांडलेले, शेजारी बॅटरी आणि दोन वायरी.

"हा काय बाजार मांडलाय?" सरकार कडाडले.

"काय न्हाई, सरकार. प्लगाला वायर लावायची आन् दहा आकडं मोजायचं," चंपाक्का म्हणाली. "पर टोक कुणीतरी धराय पायजे. आमच्या मालकाच्या हातात तर खोट हाय! निखारा धरणारा मर्द हितं एकच. मी म्हनलं, मानाजीरावांची एवढी हौस, कवा फिटायची?"

सगळे मानाजीरावांकडे बघू लागले. मानाजीराव क्षणभर चपापले आणि मग गालातल्या गालात हसले. त्यांनी बाही मागे सारली, प्लगचं टोक चिमटीत धरलं आणि मान ताठ केली.

"लाव वायर! सरकारांसाठी काय वाटेल ते!"

चंपाक्कानं वायर लावली. दहा झाले. वीस झाले. मानाजीराव हसतच होते. तिनं दुसरा प्लग लावला, तिसरा लावला, चौथा लावला. मानाजीरावांनी चारही प्लग देवाचा प्रसाद घ्यावा तसे हातात घेतले.

"बघितलीत निष्ठा, सरकार?"

"बघितली की!" चंपाक्का म्हणाली. "दहा आकड्यांत लाल व्हनारी वस्तू ह्यांनी चारदा चिमटीत धरली, आन् घाम न्हाई की चटका न्हाई! सरकार, येक तर ह्यो मानूस सिद्धपुरुष हाय, मग कोठीत कशाला, देवळात बशिवला पायजे. न्हाईतर प्लग मेल्यालं हाईत, ह्ये त्येला आधीच ठाव हुतं!"

सरकारांचा चेहरा बदलला.

"तसं नाही, सरकार!" मानाजीराव घाईघाईनं म्हणाले. "हे विलायती प्लग आहेत. बाहेरून गारच राहतात!"

"व्हय?" चंपाक्कानं कनवटीचा पाचवा प्लग काढला. "ह्यो काल ग्यारेजातनं मागून आनलाय. देशी हाय." तिनं तो पकडीत धरून वायर लावली. आठ म्हणेपर्यंत टोक लालभडक झालं. "धरा की, मानाजीराव! सरकारांसाठी!"

मानाजीरावांचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

ते पाहून सरकारांना हसू फुटत होतं, पण हुकूम मागे घेण्याची त्या घराण्यात चाल नव्हती.

"ते सगळं ठीक. पण माझा हुकूम? ट्रक याच प्लगांवर, पहिल्या किल्लीला सुरू व्हायचा होता!"

"व्हईल की, सरकार!" चंपाक्कानं हात जोडले. "ह्याच प्लगावर, पयल्या किल्लीला! फकस्त तुमी अजून येक हुकूम सोडा. थंडीला म्हणावं, कातरखिंडीत पाऊल ठिवायचं न्हाई. तुमचा हुकूम मोडायची तिची काय छाती?"

मग सरकार असे खदखदून हसले, की शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांना थंडी वाजली नाही.

"मानाजीराव, कोठीच्या किल्ल्या हिच्या हातात द्या!" ते डोळे पुसत म्हणाले. "आजपासून कोठी चंपाक्काची! म्हादबा, तुझी नोकरी कायम, खोली कायम. आणि आत्ताच्या आत्ता माझी मोटार काढा. ही दोघं शहरात जाऊन नवे प्लग आणतील. मागच्या गादीवर बसून! मोटार मानाजीराव चालवतील."

चंपाक्का किल्ल्या कमरेला खोचून मागच्या गादीवर ऐसपैस बसली. मानाजीरावांनी किल्ली फिरवली.

"दमानं चालवा हं, भाऊसाहेब," ती मागून म्हणाली. "आमचं मालक शेजारी हाईत, हातात खोट असंल तर लगीच कळतंय त्यास्नी!"