बैलाची वैरण आणि तेल्याचं ताट

एका गावात एक तेली होता आणि त्याच्या घाण्याला एक पांढरा बैल होता. दोघांत शहाणा कोण, हे गावाला ठाऊक होतं, पण तेल्याच्या तोंडावर कोणी बोलत नसे.

बैलाचं सगळं वेळच्या वेळी. उजाडताच वैरण, दुपारी पेंड, दिवेलागणीला पुन्हा वैरण. त्यानंतर रीतीचा भाकरीचा तुकडा सोडला, तर काडीसुद्धा नाही. एकदा शेजारणीने मायेने रात्री त्याच्यापुढे जोंधळे ठेवले, तर तेल्याने सगळी आळी डोक्यावर घेतली. म्हणाला, "रात्री जनावराचं पोटही झोपतं. त्याला उठवायचं नसतं."

स्वतःच्या बाबतीत मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सकाळी न्याहारी नाही, दुपारी मूठभर फुटाणे. संध्याकाळी घाणा थांबला की हा गडी पारावर सोंगट्या खेळायला बसायचा. सगळं गाव निजल्यावर घरी यायचा, दिवसभराच्या भाकऱ्या एकदम रिचवायचा आणि तसाच आडवा व्हायचा.

होता होता पोट सुटलं. बाजाराच्या वाटेवरची खिंड चढताना छाती भरून यायला लागली. रात्री तो घोरायचा, मध्येच श्वास अडल्यासारखा व्हायचा, आणि बायको अंधारात डोळे उघडे ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघायची. तिला फार भीती वाटायची.

तिने त्याला वैद्याकडे नेलं. वैद्याने नाडी पाहिली आणि सांगितलं की अन्न चांगलं आहे, वेळ वाईट आहे. घरातले सगळे निजल्यावर रोज पाहुणा आला तर घर थकेलच ना? तसं तुमचं काळीज थकलं आहे. दिवसा जेवा, रात्री त्याला विसावा द्या. असंच चाललं तर मात्र माझ्या पुड्यांचा उपयोग नाही.

तेल्याने मान हलवली, पुड्या घेतल्या आणि संध्याकाळी पारावर जाऊन बसला.

बायको रडली, रागावली, शेवटी तिला एक युक्ती सुचली. त्या गावात एक रीत होती. रात्री जेवायला बसताना घरधनी आपल्या ताटातली पहिली भाकरी मोडून बैलाला तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आजपासून बैलाची संध्याकाळची वैरणही त्या तुकड्याबरोबरच. तुम्ही पाटावर बसलात की त्याच्यापुढे पडेल."

"अगं, त्याचं पोट बिघडेल."

"त्याचं बिघडतं, मग तुमचं काय लोखंडाचं आहे?"

तेल्याला ती थट्टा वाटली. संध्याकाळी तो पारावर गेला, डावही चांगला रंगला. पण दिवे लागले आणि त्याला गोठ्यातली रिकामी गव्हाण दिसायला लागली. दान पडेना, लक्ष लागेना. हातातला डाव टाकून तो उठला. सोबती हसले, म्हणाले, बायकोला नाही, पण बैलाला भितोस की रे. तो झपाझप घरी आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. बायकोने गोठ्यात वैरण टाकली.

मग रोज तेच. लवकर जेवल्यामुळे पहाटे कडकडून भूक लागायची, म्हणून न्याहारी सुरू झाली. दुपारी भाकरी आली. रात्री दोन घास कमीच जायचे. घोरणं हळूहळू कमी झालं आणि बायकोलाही झोप लागायला लागली. एका बाजाराच्या दिवशी तो बायकोशी बोलत बोलत खिंड चढला आणि माथ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज आपण कुठे थांबलोच नाही. वैद्याने पुन्हा नाडी पाहिली आणि नुसता हसला.

त्या संध्याकाळी तेली आनंदाने नेहमीपेक्षाही लवकर घरी परतला. पाहतो तर बैल गव्हाणीत तोंड घालून निवांत वैरण खात होता.

"हे काय? मी तर अजून पाटावर बसलो नाही."

"तो रोज याच वेळेला खातो," बायको म्हणाली. "मुक्या जिवाला मी उपाशी ठेवेन होय? तुमच्यासमोर टाकायची ती नुसती मूठभर."

तेली आधी चकित झाला, मग पोट धरधरून हसला. इतका वेळ हसला, तरी त्याला धाप लागली नाही. ते पाहून बायकोने पदराने डोळे पुसले आणि दोन पानं वाढली.

तात्पर्य: मुक्या जनावराची वेळ जो सांभाळतो, त्याने आपल्या छातीतल्या मुक्या जिवाचीही सांभाळावी.