गुळाच्या ढेपेचं पृष्ठफळ

"हिचं पृष्ठफळ किती भरेल?" निरंजनबुवांनी विचारलं.

मोरेश्वरने समोरच्या परातीतल्या गुळाच्या ढेपेवर एक नजर टाकली. चौकोनी साच्यातून निघालेली, सगळीकडून सारखी, प्रत्येक कड एक वीत. सकाळीच गुऱ्हाळातून ती मठात आली होती.

"सहा चौरस वीत. वरची, खालची आणि चार अंगांच्या चार बाजू. यात विचारण्यासारखं काय आहे, बुवा?"

बुवा हसले.

मोरेश्वर वेगळंच विचारायला आला होता. टेकडीखालच्या गावात त्याला पाठशाळा काढायची होती आणि त्यासाठी बुवांची परवानगी हवी होती. मठात त्याच्या तोडीचा गणिती कुणी नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला.

पावसाळ्याआधी दत्तू गवंडी मठात आला होता, हौदाला गिलावा किती लागेल ते विचारायला. मोरेश्वरने उभ्या उभ्या आकडा सांगितला.

"कसा काढलात, महाराज? मला बी दाखवा की."

"आकडा मिळाला ना? मग झालं तर," म्हणून मोरेश्वर आत निघून गेला.

बुवा ओट्यावरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

आज त्यांनी कोयता पुढे सरकवला. "मधोमध काप."

मोरेश्वरने कोयता चालवला. ढेपेचे दोन तुकडे झाले.

"आता?"

"आठ. कापाच्या दोन बाजू नव्याने उघड्या पडल्या."

"आडवी काप."

"दहा."

"आता तिसऱ्या अंगाने."

"बारा!" मोरेश्वरचा आवाज चढला. "दुप्पट झालं, बुवा. गूळ तेवढाच आणि पृष्ठफळ दुप्पट! असंच कापत राहिलं तर वाढतच जाईल. याला अंत नाही."

"मग थांबलास का?"

मोरेश्वर मांडी ठोकून बसला आणि कापू लागला. चोवीस... अठ्ठेचाळीस... त्याचा हात चुकत नव्हता, हिशोबही चुकत नव्हता. कपाळावर घाम आला, पण चेहरा खुलला होता.

तोवर पंगतीला माणसं जमू लागली. बुवांनी परात मांडीवर ओढली आणि येईल त्याच्या हातावर ते गुळाचे खडे ठेवू लागले. कुणाला दोन, कुणाला मूठभर. दत्तू गवंड्यानेही हात पुढे केला. शेवटी परातीत नुसता भुगा उरला. म्हाताऱ्या काशव्वाने तो बोटाने टिपून खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाली, "ग्वाड हाय, बाबा."

"आता किती झालं?" बुवांनी विचारलं.

मोरेश्वरने परातीकडे पाहिलं. मग माणसांकडे. कुणी बोटं चाटत होतं, कुणी पदराला गाठ मारत होतं, घरी न्यायला.

तो बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला.

"सांग ना. तुला कधी अडत नाही."

"मोजता येत नाही, बुवा."

"कमी झालं?"

"नाही... वाढलंय. खूपच वाढलंय. पण..."

त्याने कोयता बाजूला ठेवला. मग उठून दत्तूजवळ जाऊन बसला. काडीने जमिनीवर त्याने हौद काढला.

"हा तळ. या चार भिंती. वरची बाजू उघडी, ती धरायची नाही. आता एकेक भिंत तू सांग."

दत्तूने पहिली भिंत चुकवली. मोरेश्वरने ती पुसली आणि पुन्हा काढली. पंगत बसली, वाढपी दोनदा हाक मारून गेला, तरी दोघांच्या माना वर झाल्या नाहीत. चौथी भिंत दत्तूने न विचारता सांगितली.

संध्याकाळी मोरेश्वर बुवांच्या पायाशी येऊन बसला.

"बुवा, पाठशाळेचं..."

"जा."

त्याला खरंच वाटेना. "जाऊ?"

"जा. पण ढेपेसारखा अख्खा परत येऊ नकोस."