शिवेवरचं पाणी

"...पण कागदच नसेल, तर हक्क द्यायचा कशाच्या जोरावर, बुवा?"

दयालबुवा चूल फुंकत होते. यशोधन त्यांचा जुना शिष्य, आता वनहक्काचे दावे निकाली काढणारा साहेब. याच माडिया आदिवासींच्या गावाचा जंगलावरचा दावा त्यानं नुकताच फेटाळला होता, आणि आज जीप थेट बुवांच्या झोपडीशी आणून उभी केली होती.

"डोलू गायत्यानं साक्ष दिली ना?" बुवांनी विचारलं.

गायता म्हणजे गावाचा पुजारी. कुणी कुठं पेरायचं, तेही तोच ठरवतो.

"दिली. आजोबांनी इथं पेरलं, पणजोबांना तिथं पुरलं... असं काय, कुणीही सांगेल."

"कायदा काय म्हणतो?"

यशोधन घुटमळला. "वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा धरावी, असं आहे. पण उद्या चौकशी लागली, तर माझ्या गळ्याशी येईल."

बुवांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

विषय बदलावा म्हणून यशोधननं पिशवीतून एक कागद काढून त्यांच्या पायांशी ठेवला. "गुरुदक्षिणा. झोपडीची जागा तुमच्या नावावर करून आणलीय."

"माझ्याकडे कुठला पुरावा होता?"

"तुम्हाला कशाला हवा? लहानपणापासून तुम्हाला इथंच बघतोय. मीच तसं लिहून..."

वाक्य तिथंच अडकलं. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं.

बुवा उठले. चूल विझवली, झोळी खांद्याला लावली आणि चालू लागले. यशोधन कागद उचलून मागोमाग, टळटळीत उन्हात.

गावाच्या शिवेवर एक आडवा दगड आहे. परक्यानं तिथं थांबायचं, आणि गायता पाणी घेऊन आला की मगच गावात पाऊल टाकायचं, अशी इथली रीत. बुवा त्या दगडावर जाऊन बसले.

"बुवा, तुम्ही कुठं परके?"

"आजवर गावानं ठेवलं होतं. आता जागा तू दिलीस."

बऱ्याच वेळानं डोलू गायता वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन आला. बुवांना तिथं पाहून बिचकला, पण विचारलं काही नाही. त्यांना पाणी पाजलं आणि यशोधनकडे वळला. दावा कुणी फेटाळला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उन्हातनं आला तू," तो म्हणाला. "पी."

यशोधनच्या घशाला कोरड पडली होती. कागद काखेत धरून त्यानं ओंजळ पुढं केली खरी, पण मान वर करवेना.

बुवांनी हात आडवा घातला.

"थांब, डोलूदादा. आधी विचार त्याला... तहान लागल्याचा कागद आणलाय का?"