वाघदरीच्या गाडीतली ताटं

वाघदरीच्या डोंगरात वाफेच्या इंजिनाची एक जुनी गाडी होती. दर रविवारी ती हौशी प्रवाशांना घेऊन घाट फिरून येई. गाडीला जेवणाचा डबा होता आणि त्याचे व्यवस्थापक होते श्रीनिवासराव बुधकर.

श्रीनिवासरावांनी डब्यासाठी खास चिनी मातीची ताटं बनवून घेतली. पांढरीशुभ्र, हिरव्या काठाची, मधोमध धूर सोडणारं चिमुकलं इंजिन. ताटं आली आणि श्रीनिवासरावांचा जीव त्यांच्यातच अडकला.

पहिल्याच रविवारी स्वयंपाकीणबाई द्वारकाबाई रश्श्याचं पातेलं घेऊन आल्या. श्रीनिवासराव आडवे आले.

"रस्सा? अहो, हळदीचे डाग पडतील! दहीभात वाढा."

"बरं, भात गरम आहे."

"मग तडा जाईल! गार होऊ द्या."

प्रवाशांनी गार दहीभात घेतला. कुणी चमचा उचलला, तर श्रीनिवासराव कळवळले, "चमचा नको, चरे पडतात!"

तेवढ्यात वळणावर गाडीला हिसका बसला आणि ताटं खणखणली. श्रीनिवासराव धावत इंजिनात चालकाकडे गेले. "इस्माईलचाचा, हळू! अजून हळू!"

गाडी इतकी हळू झाली, की शेळ्या पुढे निघून गेल्या. मग रुळांशेजारच्या रस्त्यानं वाजतगाजत एक वऱ्हाड आलं. तेही पुढे जाऊ लागलं. घोड्यावरचा नवरदेव खिडकीशी वाकून म्हणाला, "मंडळी, भूक लागली असेल तर उतरा. मांडव जवळच आहे, पंगत तयार आहे!"

प्रवाशांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते चालत्या गाडीतून आरामात खाली उतरले. पाठोपाठ द्वारकाबाईही उतरल्या. डब्यात श्रीनिवासराव आणि ताटं उरली.

गाडी थांबवून ते प्रवाशांना परत आणायला मांडवात गेले. तिथे पत्रावळींवर मसालेभात वाफाळत होता आणि त्यांचे प्रवासी खळखळून हसत जेवत होते. त्यांतल्या मथुराबाई नावाच्या आजींनी त्यांना शेजारी बसवलं. सकाळपासून श्रीनिवासरावांच्याही पोटात काही नव्हतं. तेही जेवू लागले.

आजी म्हणाल्या, "ताटं फार देखणी आहेत हो तुमची. पण आम्हाला जेवायला बोलावलं होतं, की त्यांची राखण करायला?"

श्रीनिवासरावांना स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी गाडी झोकात निघाली. श्रीनिवासरावांनी आग्रह करून मथुराबाईंना पुन्हा बोलावलं होतं. द्वारकाबाईंनी ताटांत कढत आमटी आणि वांग्याची भाजी वाढली. पांढरी ताटं बघता बघता पिवळी झाली. श्रीनिवासराव डोळे मिटून घेत, पण बोलत काही नसत.

घाटाच्या वळणावर मथुराबाईंचं ताट सटकलं. खळ्ळकन आवाज झाला आणि ताटावरच्या इंजिनाचे दोन तुकडे झाले. आजींचा चेहरा उतरला. सगळे श्रीनिवासरावांकडे पाहू लागले. त्यांच्या काळजात चर्र झालं. पण ते पुढे झाले.

"आजी, आमटी अंगावर नाही ना सांडली? भाजलं नाही ना? द्वारकाबाई, दुसरं ताट आणा. आजी अजून जेवायच्या आहेत."

तात्पर्य: वस्तू माणसांसाठी असते. तिला जपण्याच्या नादात ज्यांच्यासाठी ती आणली, त्यांनाच उपाशी ठेवू नये.